सत्य मैदानावर असतं का? ओटो रेहागेल यांच्या कारकिर्दीविषयी



आजच्या व्याख्यानाला एक कारण घडलं, ते आधी सांगतो. याच मालेत ‘खेळ आणि सौंदर्य’ या विषयावर बोलताना आम्ही एक वाक्य टाकून गेलो होतो. २००४ साली ग्रीसनं जिंकलेली युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा म्हणजे सौंदर्यावर घातलेला दरोडा, असं काहीतरी. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की वक्त्यानं सावध व्हावं, पण तेव्हा आम्ही झालो नाही. पुढे एका श्रोत्याचं पत्र आलं. चांगलं दोन पानी. त्याचा सारांश असा की, सर, तुम्ही एक स्पर्धा पाहिलीत, पण त्यामागचा माणूस पाहिला नाहीत, आणि न पाहता निवाडा दिलात. तुम्हीच आम्हाला वर्गात पूर्वपक्ष नीट मांडायला शिकवलं होतं.

हे वर्मी लागलं. मग गेले काही महिने आम्ही हा माणूस वाचला, जुने सामने मिळाले तेवढे पाहिले. आमचा विषय तत्त्वज्ञान, फुटबॉलची पदवी आम्हाला कुणी दिलेली नाही. (हशा.) पण हे गृहस्थ आमच्या अंगणात येऊन खेळलेले आहेत. त्यांच्या नावावर दोन वाक्यं सांगितली जातात आणि दोन्ही तत्त्वज्ञानातली आहेत. पहिलं, ‘सत्य मैदानावर असतं.’ दुसरं, ‘आधुनिक कोण, तर जो जिंकतो तो.’ पहिलं वाक्य जर्मनीत आता म्हणीसारखं झालं आहे. दुसरं त्यांनी २००४ मध्ये, तुमचा खेळ जुनाट आहे असं म्हणणाऱ्यांना ऐकवलं. ही वाक्यं खरी आहेत का, एवढंच आज तपासायचं आहे. आणि ती तपासायला त्यांच्याच कारकिर्दीइतकं चांगलं साधन नाही.

ओटो रेहागेल यांचा जन्म ९ ऑगस्ट १९३८चा, एसेन शहरातला. रूर खोरं, म्हणजे कोळसा आणि पोलाद. त्यांनी रीतसर शिकलेला धंदा रंगाऱ्याचा. घरं रंगवणारे, चित्रकार नव्हेत. हा तपशील लोक गंमत म्हणून सांगतात, आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो. चांगला रंगारी आधी भिंत बघतो. ओल कुठे आहे, पोपडे कुठे धरलेत, लांबी किती भरावी लागेल. रंग कोणता, हा त्याच्या लेखी शेवटचा प्रश्न असतो. पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

खेळाडू म्हणून ते बचावपटू. रोट-वाइस एसेन, मग बर्लिनचा हेर्था, मग कायझर्सलाउटर्न. १९६३ साली जर्मनीत बुंडेसलीगा सुरू झाली, तिच्या पहिल्याच हंगामात ते मैदानावर होते. दोनशेच्या वर सामने खेळले. नाजूक खेळाबद्दल त्यांची ख्याती नव्हती, एवढं म्हणून पुढे जाऊ.

१९७२ पासून प्रशिक्षक. आणि पहिली नऊ वर्षं अशी की, तिथंच कुणी हिशेब मांडला असता तर आज हे व्याख्यान झालं नसतं. सारब्रुकेन, ऑफेनबाख, ब्रेमेन, डॉर्टमुंड, बिलेफेल्ड, ड्युसेलडॉर्फ. नऊ वर्षांत सहा क्लब. बुडत्या संघाला वाचवायला बोलवायचा माणूस, ‘अग्निशामक दलाचा जवान’ म्हणत त्यांना. आग विझली की बंब परत.

आणि मग २९ एप्रिल १९७८. हंगामाचा शेवटचा दिवस. विजेतेपदाची शर्यत कोलोन आणि म्योन्शेनग्लाडबाख यांच्यात, दोघांचे गुण सारखे, पण गोलफरकात कोलोन बरंच पुढे. ग्लाडबाखला विजेतेपद हवं तर गोलांचा पाऊस पाडावा लागणार होता. समोर होता रेहागेल यांचा डॉर्टमुंड. निकाल लागला बारा-शून्य. मध्यंतरालाच सहा-शून्य होतं. युप हाइन्केस यांनी एकट्यानं पाच गोल केले. कोलोननंही आपला सामना पाच-शून्य जिंकला म्हणून विजेतेपद त्यांना मिळालं, नाहीतर जर्मन फुटबॉलला हा कलंक कायमचा चिकटला असता. संशय घेतला गेला, सिद्ध काही झालं नाही. बुंडेसलीगाच्या इतिहासातला हा आजही सर्वांत मोठा पराभव आहे. दुसऱ्या दिवशी रेहागेल यांची नोकरी गेली. वृत्तपत्रांनी त्यांच्या नावाची मोडतोड करून ‘टोरहागेल’ केलं. ‘टोर’ म्हणजे गोल आणि ‘हागेल’ म्हणजे गारपीट.

आता प्रश्न विचारा. सत्य मैदानावर असतं ना? मग त्या दिवशीचं सत्य कोणतं? हा माणूस प्रशिक्षक म्हणून नालायक आहे, हे? मैदानानं तर बारा वेळा तसंच सांगितलं. हे सत्य मानलं तर पुढची तीस-बत्तीस वर्षं खोटी ठरतात. न मानलं तर ‘सत्य मैदानावर असतं’ या वाक्यात कुठेतरी दुरुस्ती करावी लागते. वाक्य त्यांचं, आणि त्याची पहिली शिकारही तेच.

इथं आमच्याकडचा एक जुना वाद कामाला येतो. तुमच्यापैकी काहींनी तो वर्गात ऐकून जांभया दिल्या असतील, आज पुन्हा द्या. (हशा.) नैयायिक विचारतात, लांबून पाणी दिसलं, ते पाणी आहे की मृगजळ, हे कसं ठरवायचं? त्यांचं उत्तर असं की जा, ओंजळ भर, तहान भागली तर ज्ञान खरं होतं. सफल प्रवृत्तीवरून प्रामाण्य कळतं. रेहागेलसाहेब नैयायिकच म्हणायचे! पण नैयायिक पुढे एक बारीक भेद करतात, आणि सगळी गंमत त्यात आहे. प्रामाण्य कशानं *कळतं* हा एक प्रश्न, ते कशानं *येतं* हा दुसरा. तहान भागल्यानं ज्ञान खरं आहे हे आपल्याला कळतं. पण ते खरं असतं कशामुळे, तर तिथं पाणी होतं म्हणून. तहान भागली म्हणून पाणी तयार झालं नाही.

आणि श्रीहर्षानं तर याहून टोचणारं उदाहरण दिलं आहे. मुठीत कवड्या धरून कुणी विचारतो, किती? समोरचा ठोकून देतो, पाच. मूठ उघडली, पाचच निघाल्या. उत्तर बरोबर. पण त्याला ते ज्ञान होतं का? नव्हतं. उत्तर बरोबर येणं आणि माहीत असणं, यात मुठीएवढं अंतर आहे.

तेव्हा एखादा प्रशिक्षक जिंकतो तेव्हा आपण विचारायला हवं, याला माहीत होतं की कवड्या जुळल्या? एका सामन्यावरून हे सांगता येत नाही. एका स्पर्धेवरूनही येत नाही. म्हणून आता ब्रेमेनला जाऊ. या माणसाचं खरं काम तिथं आहे, आणि ज्यांना फक्त ग्रीस माहीत आहे (आम्हीही त्यातलेच होतो) त्यांना ब्रेमेन माहीत नसतं.

१९८१ च्या वसंतात ते वेर्डर ब्रेमेनकडे आले तेव्हा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. त्यांनी तो वर आणला आणि १९९५ पर्यंत तिथंच राहिले. चौदा वर्षं! जिथं प्रशिक्षक चौदा महिने टिकला तरी लोक कौतुक करतात अशा धंद्यात. या काळात दोन वेळा राष्ट्रीय विजेतेपद, १९८८ आणि १९९३. दोन वेळा जर्मन कप, १९९१ आणि १९९४. आणि १९९२ साली लिस्बनमध्ये मोनाको संघाला दोन-शून्य हरवून युरोपचा कपविजेत्यांचा कप. लिस्बन हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

पण आकडे सोडा. आम्हाला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे हा बचावाचा पुजारी वगैरे काही नव्हता. ‘नियंत्रित आक्रमण’ हा त्यांचा शब्द. जर्मन पत्रकारांनी त्याची पुष्कळ टिंगल केली, पण ब्रेमेनचे सामने बघा. १९८७ मध्ये मॉस्कोला स्पार्टाककडून चार-एक असे हरून आले आणि घरी जादा वेळेत सहा-दोन जिंकले. पुढच्या वर्षी पूर्व बर्लिनमध्ये डायनॅमोकडून तीन-शून्य हरले, घरी पाच-शून्य जिंकले. १९८९ मध्ये मॅराडोनाच्या नापोलीला घरच्या मैदानावर पाच-एक. १९९३ मध्ये अँडरलेख्टविरुद्ध शून्य-तीन मागे होते, सामना संपला पाच-तीन. ‘वेझर नदीकाठचे चमत्कार’ म्हणतात तिथले लोक याला. एकदा झालं तर चमत्कार म्हणू. इतक्या वेळा झालं तर त्याला सवय म्हणतात. आणि गंमत पुढे आहे. ज्या १९८७-८८ च्या हंगामात स्पार्टाकला सहा गोल मारले, त्याच हंगामात बुंडेसलीगाच्या चौतीस सामन्यांत या संघानं फक्त बावीस गोल खाल्ले. हा विक्रम वीस वर्षं टिकला. म्हणजे आक्रमक की बचावात्मक, हा प्रश्नच या माणसापुढे चुकीचा ठरतो. भिंत बघून रंग.

दुसरी गोष्ट माणसांची. १९८५ मध्ये त्यांनी मानफ्रेड बुर्ग्समुलरला घेतलं. वय पस्तिशी उलटलेलं, दुसऱ्या श्रेणीत खेळणारा. सगळ्यांनी डोक्याला हात लावला. तो चाळिशीपर्यंत खेळला आणि १९८८ च्या विजेत्या संघात होता. मिर्को व्होटावाही असाच, चाळिशीपर्यंत मैदानात. खेळाडू म्हातारे आणि तरुण नसतात, चांगले आणि वाईट असतात, असंही एक वाक्य रेहागेल यांच्या नावावर आहे. आमच्या वयाच्या माणसाला हे फार आवडतं. (हशा.) दुसरीकडे रूडी फ्योलर, कार्ल-हाइन्झ रीडले, नॉर्वेचा रूने ब्राट्सेथ, न्यूझीलंडचा विन्टन रूफर. ज्यांच्याकडे मोठ्या क्लबांचं लक्ष नव्हतं किंवा अजून गेलं नव्हतं अशांना आणून घडवलं. बायर्न म्युनिककडे पैसा होता. ब्रेमेनकडे नजर होती.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे सगळं चालायचं ते एका अटीवर, की शेवटचा शब्द ओटोंचा. जर्मन वृत्तपत्रांनी याला ‘ओटोक्रसी’ म्हटलं. ब्रेमेनचं व्यवस्थापन समंजस होतं, त्यांनी ही अट मान्य केली. ती आजही कुणी नीट तपासत नाही. सगळे म्हणतात, रेहागेल यांनी ब्रेमेन घडवलं. ब्रेमेननं रेहागेल यांना चौदा वर्षं घडू दिलं, हे कोण म्हणणार?

आता २२ एप्रिल १९८६. ब्रेमेन विरुद्ध बायर्न, हंगाम संपायला एक सामना बाकी. ही लढत जिंकली तर विजेतेपद ब्रेमेनचं, त्याच रात्री. शून्य-शून्य. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला ब्रेमेनला पेनल्टी. मारणार मिखाएल कुत्सोप, जो पेनल्टी हुकवत नाही अशी ज्याची ख्याती. गोलरक्षक फसला, दुसऱ्या बाजूला गेला. आणि चेंडू खांबावर आदळून बाहेर! चार दिवसांनी स्टुटगार्टला नुसती बरोबरी पुरली असती. एक-दोन हरले. बायर्ननं आपला सामना सहा-शून्य जिंकला, गुण सारखे झाले, गोलफरकानं विजेतेपद म्युनिकला गेलं.

जो जिंकतो तो आधुनिक, नाही का? मग चेंडू चार बोटं आत गेला असता तर ब्रेमेन आधुनिक होतं, खांबाला लागला म्हणून मागास झालं? तीच माणसं, तोच सराव, तोच विचार. आधुनिक असणं हा जर संघाचा गुण असेल तर तो लाकडाच्या जाडीवर अवलंबून राहू शकत नाही. (टाळ्या.) नाही, टाळ्या नकोत, मागच्या खेपेला त्यांनीच घात केला. आमचं म्हणणं इतकंच आहे की दुसरं वाक्य इथं कोसळतं, आणि ते कोसळलं ते त्यांच्या बाजूनं. १९८६ चे रेहागेल हे त्यांच्याच वाक्याविरुद्धचे सर्वांत चांगले साक्षीदार आहेत. ते हरले तेव्हाही त्यांना माहीत होतं. कवड्या जुळल्या नाहीत, एवढंच.

आम्ही एका महाविद्यालयात शिकवत होतो, तेव्हा दर जूनमध्ये एकच प्रश्न यायचा, ‘सर, तुमच्या विषयाचा रिझल्ट किती टक्के?’ एका वर्षी शंभर टक्के लागला. त्या वर्षी आम्ही दोन महिने आजारी होतो. पुढे काही सांगत नाही.

१९९५ मध्ये ते बायर्नला गेले. जाण्याआधीचा शेवटचा सामना ब्रेमेनकडून, आणि तोही म्युनिकमध्ये बायर्नविरुद्धच. ब्रेमेन विजेतेपदाच्या शर्यतीत होतं. एक-तीन हरले आणि एका गुणानं विजेतेपद डॉर्टमुंडला गेलं. कादंबरीत घातलं तर संपादक कापून टाकेल.

म्युनिकमध्ये क्लिन्समान, माथेउस, शोल, हर्त्सोग, स्फोर्झा. वृत्तपत्रं त्या क्लबाला ‘एफसी हॉलिवूड’ म्हणत. इथं शेवटचा शब्द ओटोंचा नव्हता. तिथं शेवटचे शब्द दहा-बारा होते आणि सगळे दुसऱ्या दिवशी छापून यायचे. तरीही बघा, एप्रिल १९९६ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर जाऊन त्यांनी दोन-एक विजय मिळवला आणि यूएफा कपची अंतिम फेरी गाठली. लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होते. त्या विजयानंतर अकराव्या दिवशी रोस्टॉककडून घरी शून्य-एक हरले आणि त्यांना काढून टाकलं. अंतिम सामने बेकेनबाउअर यांच्या देखरेखीखाली खेळले गेले, कप बायर्ननं जिंकला.

म्हणजे इथं सत्य मैदानावर नव्हतं, कार्यालयात होतं. पण आम्ही रेहागेल यांना सगळी सूट देणार नाही. ब्रेमेनची अट म्युनिकमध्ये चालणार नाही हे ओळखणं त्यांचंच काम होतं. भिंत बघायला ते विसरले. किंवा चौदा वर्षं एकच घर रंगवल्यावर आपण कुठलंही घर रंगवू शकतो असं वाटायला लागतं, तसं झालं असावं.

मग कायझर्सलाउटर्न. जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, पण १९५४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघातले पाच खेळाडू याच क्लबाचे. फ्रिट्झ वॉल्टरचं गाव. १९९६ मध्ये हा क्लब कप जिंकून त्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. रेहागेल आले, एका वर्षात वर आणला. १९९७-९८ चा पहिला सामना म्युनिकमध्ये, बायर्नशी. एक-शून्य जिंकले. लोक म्हणाले सूड. सूड एका सामन्याचा असतो, हा तर हंगामभर चालला. शेवटी कायझर्सलाउटर्न अडुसष्ट गुण, बायर्न सहासष्ट. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन त्याच वर्षी राष्ट्रीय विजेता होणं, बुंडेसलीगामध्ये हे त्याआधी झालं नव्हतं आणि आजवर पुन्हा झालेलं नाही.

आता टीकेचा मुद्दा, आणि हा आम्हाला सर्वांत अवघड गेला. १९९८ च्या मे महिन्यात हे विजेतेपद. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर राल्फ रांगनिक नावाचा तरुण प्रशिक्षक फळ्यासमोर उभा राहिला. दुसऱ्या श्रेणीतल्या उल्म संघाचा. चार जणांची बचावफळी कशी चालते, माणसामागे न धावता चेंडूच्या जागेनुसार सगळ्यांनी कसं सरकायचं, ते त्यानं समजावून सांगितलं. युरोपात इतरत्र हे जुनं झालं होतं. जर्मनीत लोक हसले, त्याला कुत्सितपणे ‘प्रोफेसर’ म्हणू लागले. (हशा.) हो, तिथंही ती शिवी आहे. का हसले? कारण सगळ्यांच्या मागे मोकळा फिरणारा ‘लिबेरो’ आणि माणसाला माणूस ही जर्मन पद्धत होती, आणि ती अजून जिंकत होती. दोन वर्षांनी, २००० च्या युरो स्पर्धेत, एकोणचाळीस वर्षांच्या माथेउसला लिबेरो करून जर्मनी उतरला आणि एक गुण घेऊन परतला. पोर्तुगालनं तीन-शून्य धुतलं.

हा दोष रेहागेल यांचा? नाही. कायझर्सलाउटर्नला जिंकून देणं हे त्यांचं काम होतं, जर्मन फुटबॉलचं भविष्य सांभाळणं नव्हे. पण ‘जो जिंकतो तो आधुनिक’ हे वाक्य नेमकं इथं घातक होतं. जिंकणाऱ्याला विचार करायची गरज नाही, असा त्याचा अर्थ होतो. रंगाऱ्याची हुशारी त्याच्या हातात असते, पुस्तकात उतरत नाही, तशी त्यांची होती. ती त्यांच्यापुरती खरी होती. दुसऱ्यांनी त्यातून फक्त लिबेरो उचलला.

२००० च्या ऑक्टोबरमध्ये, चाहत्यांच्या रोषात, त्यांनी कायझर्सलाउटर्न सोडलं. २००१ च्या ऑगस्टमध्ये ग्रीसचं राष्ट्रीय प्रशिक्षकपद घेतलं. हा देश तोवर मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. १९९४ च्या विश्वचषकात तीन सामने, तीन पराभव, शून्य गोल, दहा खाल्ले. रेहागेल यांचा पहिला सामना फिनलंडमध्ये, पाच-एक हरले. युरो २००४ च्या पात्रता फेरीचे पहिले दोन्ही सामने हरले. मग ओळीनं सहा जिंकले, त्यात स्पेनला त्यांच्याच घरी.

पोर्तुगालमधली गोष्ट तुम्हाला माहीत आहे, भराभर सांगतो. उद्घाटनाच्या सामन्यात यजमान पोर्तुगालवर दोन-एक, स्पेनशी बरोबरी, रशियाकडून पराभव. स्पेनचे आणि ग्रीसचे गुण सारखे, गोलफरक सारखा, ग्रीसचे गोल जास्त म्हणून पुढे. पुढे फ्रान्स एक-शून्य, चेक संघ जादा वेळेत एक-शून्य, आणि ४ जुलैला लिस्बनमध्ये अंतिम फेरीत पुन्हा पोर्तुगाल, पुन्हा एक-शून्य. सहा सामन्यांत सात गोल. रेहागेल तेव्हा पासष्ट वर्षांचे होते.

आम्ही तो सामना इथं मध्यरात्री सव्वाबाराला लावून बसलो होतो. घरातले सगळे झोपलेले. सत्तावन्नाव्या मिनिटाला कॉर्नर, खारिस्तेआसचं डोकं, गोल. त्यानंतर अर्धा तास आम्ही पोर्तुगालसाठी जीव टांगून बसलो. चेंडू सतत पोर्तुगालकडे, आणि काही घडत नाही. प्रत्येक आघाडीवीराला एकेक माणूस चिकटलेला, मागे उंच डेल्लास मोकळा. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं. तो राग आम्ही चौदा-पंधरा वर्षं सांभाळला आणि इथं येऊन ‘दरोडा’ म्हणून ओतला.

या वेळी तो सामना आम्ही निकाल माहीत असताना पाहिला. फार वेगळा दिसतो. सेइतारिदिस बघा. उजव्या बाजूला नेमून दिलेलं काम करतो आणि संधी मिळताच चाळीस यार्ड पळत पुढे जातो. ज्या कॉर्नरवर गोल झाला तो आकाशातून पडला नव्हता. कर्णधार झागोराकिस तर स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि योग्यच ठरला. घाबरून मागे बसलेला संघ असा दिसत नाही. मुख्य म्हणजे तीन बाद सामने तीन वेगळ्या संघांशी, आणि तिन्ही वेळा गोल डोक्यानं, हवेतून आलेल्या चेंडूवर. कवड्या एकदा जुळतात. ओळीनं तीनदा, त्याच पद्धतीनं जुळल्या तर मूठ पारदर्शक आहे असं समजावं. या माणसाला माहीत होतं. काय माहीत होतं? आपल्याकडे झिदान नाही, फिगो नाही. उंची आहे, शिस्त आहे, आणि समोरच्याला माणसामागे माणूस लावणाऱ्यांशी खेळायची सवय आता राहिलेली नाही. शेवटचा मुद्दा पुन्हा बघा. पद्धत जुनी झाली होती *म्हणून* ती चालली. सगळे आधुनिक झालेल्या जगात एकच जण जुना राहिला आणि कुणाकडे त्याचं उत्तर नव्हतं. तेव्हा ते आधुनिक होते म्हणून जिंकले नाहीत. ते जिंकले, आणि आधुनिक नव्हते. त्यांच्या वाक्यात हे बसत नाही, त्यांच्या कामात बसतं.

‘दरोडा’ हा शब्द आम्ही आज परत घेतो. दरोडेखोर दुसऱ्याचं नेतो. ग्रीसनं स्वतःजवळ होतं तेवढंच वापरलं. खेळ सुंदर होता असं मात्र आम्ही म्हणणार नाही, पत्रलेखकांनी तेवढी मुभा द्यावी. पोर्तुगालला हरवणं हा त्यांचा हक्क होता, आम्हाला कंटाळा येणं हा आमचा.

त्या उन्हाळ्यात जर्मनीनं त्यांना राष्ट्रीय प्रशिक्षकपद देऊ केलं. त्यांनी नाही म्हटलं. ते क्लिन्समान यांच्याकडे गेलं आणि जर्मन फुटबॉल दुसऱ्याच रस्त्याला लागलं, रांगनिकच्या फळ्यावर आखला होता त्या रस्त्याला. हा नकार आम्हाला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. म्युनिकला जाताना न बघितलेली भिंत या वेळी त्यांनी बघितली होती.

ग्रीसमध्ये ते आणखी सहा वर्षं राहिले. २००६ च्या विश्वचषकाला पात्र ठरले नाहीत. २००८ च्या युरोमध्ये गतविजेते म्हणून गेले, तिन्ही सामने हरले. आता समोरच्यांकडे उत्तर होतं. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत नायजेरियावर दोन-एक मात केली, विश्वचषकातला ग्रीसचा पहिला गोल आणि पहिला विजय. मग राजीनामा. वय एकाहत्तर.

इथं थांबले असते तर चरित्रकारांची सोय झाली असती. २०१२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ते हेर्था बर्लिनला वाचवायला गेले. ज्या क्लबाकडून १९६३ मध्ये बुंडेसलीगाचा पहिला हंगाम खेळले होते, तिथंच. पुन्हा अग्निशामक दल. संघ वाचला नाही, श्रेणी टिकवण्याच्या शेवटच्या लढतीत ड्युसेलडॉर्फशी गाठ पडली. ज्या क्लबाला त्यांनी १९८० मध्ये कप जिंकून दिला होता तो. दुसरा सामना १५ मे रोजी. दोन-दोन बरोबरी, तेवढी ड्युसेलडॉर्फला पुरेशी. सामना संपायला दोनएक मिनिटं उरलेली असताना लोकांना वाटलं संपला, आणि हजारो माणसं मैदानात घुसली. खेळाडू आत गेले. पंचांनी सामना थांबवला.

बराच वेळ गेला. मग मैदान रिकामं केलं, दोन्ही संघांना परत बोलावलं आणि उरलेला वेळ खेळवला. हेर्थानं पुढे तक्रार केली, ती टिकली नाही. आम्ही ते चित्रण तीन-चार वेळा पाहिलं. मैदानावर सत्य शोधायला जावं तर तिथं हिरवळ उपटून नेणारे लोक आणि पेटलेल्या मशाली. या गृहस्थांनी तिथं जायला नको होतं असं आमच्या घरी सगळ्यांचं मत पडलं. आम्हाला ते पटत नाही. पण का पटत नाही ते आम्हाला अजून नीट मांडता आलेलं नाही, आणि आमचं वय बघता आमच्या मतावर तुम्ही किती विश्वास ठेवावा हाही प्रश्नच आहे.

पत्र लिहिणारे श्रोते आज आले असतील तर त्यांनी पहिला प्रश्न विचारावा. माइक मागच्या रांगेत द्या.